हृदयातली छिद्रे

मामूंनी ते पत्रक माझ्या हातात दिले, तेव्हा त्याच्या चार घड्या पडल्या होत्या आणि घडीवरची अक्षरे पुसत चालली होती. म्हणजे माझ्याआधी ते बऱ्याच जणांना दाखवून झाले होते.

मामू मेहकर तालुक्यातले. वय सत्तरीच्या पुढे. बारा वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. गेल्या वर्षीपासून छातीतले दुखणे पुन्हा सुरू झाले. मशिदीच्या चार पायऱ्या चढल्या की थांबावे लागायचे. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितले की धमन्या फार बारीक झाल्या आहेत, दुसऱ्यांदा बायपास करण्यासारखी स्थिती नाही, गोळ्यांवरच निभावावे लागेल. घरात हे कोणाला पटले नाही. आपल्याकडे ‘गोळ्यांवर निभवा’ याचा अर्थ ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असाच घेतला जातो. अशातच मामेभावाला एका शिबिरात हे पत्रक मिळाले. लेसरने हृदयाला नवा रक्तपुरवठा, छाती न उघडता. उपचार करणारे संशोधक भौतिकशास्त्र आणि हृदयशस्त्रक्रिया या दोन्ही क्षेत्रांत नावाजलेले, शेकडो शोधनिबंध, हजारो साइटेशन. आणि खर्च इतका, की मामूंचे दोन एकर सोयाबीनचे रान विकल्याशिवाय जमणार नव्हते.

“तू वाचणारा माणूस आहेस,” मामू म्हणाले. “हे हजारो साइटेशन म्हणजे काय असतं, तेवढं बघून सांग. मग रानाचं ठरवू.”

मी डॉक्टर नाही. मी इतिहास शिकवतो. पण पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत आठ शोधनिबंधांची यादी होती, आणि कोणी कोणाचा हवाला दिला हे शोधणे तर इतिहासाच्या माणसाचे रोजचेच काम. त्या यादीतले पहिलेच नाव मुंबईचे निघाले, वर्ष १९६५. तिथून मी जे धागे पकडले त्यांची ही हकीकत आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे एखादे पत्रक येऊन पडलेले असेल, म्हणून ती इथे लिहितो.

आधी मामूंच्या प्रश्नाचे साधे उत्तर. एखाद्या संशोधकाने आपल्या निबंधात आधीच्या कोणाच्या निबंधाचा उल्लेख केला की त्या आधीच्या निबंधाच्या खात्यावर एक साइटेशन जमा होते. आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. हदीसच्या परंपरेत प्रत्येक कथनासोबत त्याची सनद येते: अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने फलाण्याकडून. पण मुहद्दिसांनी नुसती साखळी मोजली नाही. साखळीतल्या प्रत्येक रावीची चौकशी केली. तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटणे शक्य तरी होते का. या चौकशीसाठी अस्मा-उर-रिजाल नावाचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. लोकांच्या तोंडी असलेली प्रत्येक हदीस सहीह असते असे कोणताही आलिम म्हणत नाही. एखादे कथन दहा वाटांनी आले, पण दहाही वाटा शेवटी एकाच कच्च्या रावीपाशी जाऊन पोचत असतील, तर दहा हा आकडा काही कामाचा राहत नाही.

याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झाले, ज्वालामुखीने नव्हे, हे पक्के करणारा महत्त्वाचा निबंध १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पण ते कधी झाले? १९९७ साली थर्मोल्युमिनेसन्स या पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे काढले गेले. तो आकडा निबंधांत, पुस्तकांत, वर्तमानपत्रांत सगळीकडे पसरला. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत वय निघाले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. म्हणजे दहापटीहून जास्त. या नव्या निबंधाला जुन्याचा उल्लेख करणे भागच होते. त्यामुळे जुन्या निबंधाच्या खात्यात आणखी एक साइटेशन पडले, आणि तेही त्याचा आकडा खोडून काढणारे. मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही.

हृदयाच्या बाबतीत तर ही गोष्ट दीड-दोन हजार वर्षे जुनी आहे.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन, ज्याला आपले हकीम जालीनूस म्हणतात, त्याने लिहून ठेवले की हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधल्या पडद्यात अदृश्य छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त इकडून तिकडे झिरपते. ही छिद्रे कोणी पाहिली नव्हती. तरी हजार-बाराशे वर्षे जो तो जालीनूसचा हवाला देत राहिला. इब्न सीनासारख्या मोठ्या माणसाच्या ‘कानून’ या ग्रंथातही मांडणी त्याच चौकटीतली राहिली. आजच्या भाषेत बोलायचे तर वैद्यकाच्या इतिहासात जालीनूसइतकी साइटेशन क्वचितच कोणाला मिळाली असतील.

तेराव्या शतकात, १२४२ च्या सुमारास, दमास्कसला शिकलेल्या आणि पुढे कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस यांनी ‘कानून’च्या शरीररचनेवरच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्यांनी सरळ म्हटले की हा पडदा घट्ट आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच छिद्रे नाहीत. उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसात जाते, तिथे हवेशी त्याचा संबंध येतो आणि मग ते डाव्या कप्प्यात येते. हे बरोबर होते. पण वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने त्याची दखल घेतली नाही. युरोपात सर्व्हेटसने हीच गोष्ट १५५३ मध्ये लिहिली, विल्यम हार्वेचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक १६२८ मध्ये आले, आणि इब्न अल-नफीस यांचे श्रेय आधुनिक जगाला कळले १९२४ मध्ये. मुहियुद्दीन अत-ततावी हे इजिप्शियन डॉक्टर जर्मनीत प्रबंध लिहीत होते, तेव्हा त्यांना बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडले. जवळजवळ सातशे वर्षे एक बरोबर उत्तर कपाटात पडून होते आणि चुकीचे उत्तर लोक पाठ करत होते.

आपल्या सभांमध्ये इब्न अल-नफीस यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. पण त्यातला धडा अभिमानापुरता नाही. एखाद्या विधानाला किती लोक उचलून धरतात यावरून ते खरे की खोटे ते ठरत नाही, हे त्यात आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू होते: दुर्लक्ष झाले म्हणजे कोणी आपोआप खरा ठरत नाही.

आता पत्रकाच्या यादीकडे येतो. त्यात भौतिकशास्त्राचा एक आणि हृदयशस्त्रक्रियेचा एक असे दोन जुने निबंध होते. दोन्हींचे धागे महाराष्ट्राशी जुळतात, हे मलाही तेव्हाच कळले.

पहिला निबंध सी. कुमार पटेल यांचा. जन्म १९३८, बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी, मग अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट, आणि १९६१ पासून न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत नोकरी. तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर किरण निर्माण केला. त्यावरचा त्यांचा निबंध १९६४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये छापून आला. त्यात नायट्रोजन मिसळला की नायट्रोजनचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात आणि किरणाची ताकद कित्येक पटींनी वाढते, हेही त्यांनीच दाखवले. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी त्याला चटकन शोषून घेते. माणसाच्या मांसपेशींत बहुतांश पाणीच असते, त्यामुळे हा किरण जिथे पडेल तिथली पेशी क्षणात वाफ होऊन जाते. पत्रा कापणारे कारखाने आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या दोघांनाही हा लेसर उपयोगी पडला. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

इथे साइटेशनची आणखी एक गंमत आहे. आज कार्बन डायऑक्साइड लेसर वापरणारा सर्जन पटेल यांच्या निबंधाचा हवाला सहसा देत नाही, जसा वीज वापरणारा फॅरेडेचा देत नाही. शोध इतका अंगवळणी पडतो की शोधणाऱ्याचे नाव गळून जाते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावही दिले आहे. त्याचा मथितार्थ असा की, शोध सगळ्यांमध्ये मुरतो आणि त्यातच त्याची नोंद पुसली जाते. म्हणजे कधीकधी साइटेशन थांबणे ही सुद्धा यशाची खूण असते.

दुसरा निबंध डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांचा, परळच्या केईएम रुग्णालयातला. सेन, उडवाडिया, किनरे आणि परुळकर अशी चार नावे. निबंध १९६५ मध्ये छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेवरच्या एका अमेरिकन नियतकालिकात आला. त्या काळी धमनी अडली तर तिच्यावर फारसा इलाज नव्हता. शिरेचा तुकडा काढून बायपास करण्याची पद्धत अमेरिकेत रेने फावालोरो यांनी रुळवली ती १९६७ नंतर. सेन यांनी सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे पाहिले. त्या हृदयांत स्नायूला बरेचसे रक्त थेट आतल्या पोकळीतूनच मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडली, तर आतले रक्त त्या वाटेने स्नायूपर्यंत जाईल का? त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, धमनी बांधून पाहिली, आणि छिद्रे पाडलेल्या हृदयांचा बचाव होतो असे त्यांना आढळले. या पद्धतीला त्यांनी हृदयस्नायूचे अ‍ॅक्युपंक्चर असे नाव दिले. जालीनूसने हृदयात छिद्रांची कल्पना केली होती, सेन यांनी ती सुईने पाडली.

हे काम परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात, साध्या साधनांनिशी झाले. याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला जगातले पहिले केले, त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. देशात यशस्वी प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट १९९४ उजाडावा लागला. तोवर मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला होता, आणि दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते केले. मधल्या काळात सेन यांचे नाव आपल्याकडेही विस्मरणात गेले. डेव्हिड जोन्स आणि कविता शिवरामकृष्णन या इतिहासकारांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर सविस्तर लिहिले.

पण १९६५ च्या निबंधाचे पुढे काय झाले, ते पत्रकात नव्हते. चारच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच नियतकालिकात रोके पिफारे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. अशा अ‍ॅक्युपंक्चरने हृदयाला रक्त मिळणे ही शरीरक्रियेच्या दृष्टीने अशक्य गोष्ट आहे, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. हृदय आकुंचन पावते तेव्हा स्नायूतला दाबही वाढतो, त्यामुळे पोकळीतले रक्त स्नायूत शिरायला जागाच उरत नाही, असा एकंदर आक्षेप होता. पाडलेली छिद्रेही भरून येत होती. साहजिकच या निबंधात सेन यांचा हवाला आहे. सेन यांच्या खात्यावर आणखी एक साइटेशन.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण बारामतीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा किरण आणि परळची छिद्रे यांची गाठ अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात पडली. तिथले हृदयशल्यचिकित्सक महमूद मिरहोसैनी यांनी विचार केला की सुईने पाडलेले छिद्र मिटते, कारण सुई पेशी फक्त बाजूला सारते. लेसर पेशीची वाफच करतो, तेव्हा त्याची वाट कदाचित उघडी राहील. १९८१ पासून त्यांचे यावरचे निबंध येऊ लागले आणि १९८३ मध्ये रुग्णांवरचा अहवाल आला. पुढे यंत्रे सुधारली. हृदय रक्ताने भरलेले असते नेमक्या त्या क्षणी, ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून, सुमारे एक मिलिमीटर रुंदीची वाट पाडायची. बाहेरचे तोंड बोटाने थोडा वेळ दाबले की बंद होते. अशा वीस-तीस-चाळीस वाटा. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला मान्यता दिली. सेन यांचा निबंध पुन्हा जागा झाला. या उपचारावरच्या लेखनात तो हमखास येतो, बहुधा पहिल्या परिच्छेदातच.

१९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. अमेरिकेत १९२ रुग्णांवरच्या चाचणीत लेसर घेतलेल्या ७२ टक्के लोकांचे छातीदुखणे दोन पायऱ्यांनी कमी झाले. फक्त औषधे घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होते. मामूंच्या पत्रकात हा आकडा मोठ्या अक्षरांत होता, आणि आकडा खरा आहे. मी तो वाचला तेव्हा खरे सांगतो, माझाही कल रान विकण्याकडे गेला होता.

पण त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडच्या पॅपवर्थ रुग्णालयातली १८८ रुग्णांवरची चाचणीही छापून आली. तिथे रुग्णांची चालण्याची क्षमता लक्षणीय वाढली नाही, आणि हा उपचार सर्रास स्वीकारावा असे म्हणता येत नाही असा निष्कर्ष निघाला. हा निबंध पत्रकाच्या यादीत नव्हता. दरम्यान शवविच्छेदनांत दिसले की लेसरने पाडलेल्या वाटाही मिटून जातात. मग काही रुग्णांना बरे का वाटत होते? मज्जातंतू जळून वेदना कमी कळत असाव्यात, जखमेभोवती नव्या केशवाहिन्या फुटत असाव्यात, असे तर्क झाले. आणि तिसरा तर्क होता मनाचा.

हा तिसरा तर्क हलका घेण्यासारखा नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड कॉब यांनी १७ रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला होता. त्या वेळी छातीतली एक धमनी बांधली की हृदयाला रक्त जास्त मिळते, असे मानून तशा शस्त्रक्रिया चालत. कॉब यांनी काहींची धमनी बांधली आणि काहींच्या छातीवर फक्त छेद देऊन टाके घातले. कोणाचे काय झाले ते रुग्णांना माहीत नव्हते. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया त्यानंतर बंद पडली. लेसरच्या बाबतीत असाच प्रयोग २९८ रुग्णांवर झाला आणि निकाल २००५ मध्ये आला. यात छाती न उघडता, मांडीतून नळी घालून आतून लेसर सोडला जात होता, म्हणजे मामूंच्या पत्रकात होता तोच मार्ग. काही रुग्णांना लेसर दिला, काहींना दिल्याचे फक्त भासवले. दुखणे दोन्हीकडे सारखेच कमी झाले. छाती उघडून करायच्या लेसरबद्दलही ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये सांगितले की अशा दुखण्यासाठी हा उपचार वापरू नये.

ही सगळी साखळी हाती आल्यावर मी पत्रकातल्या ‘हजारो साइटेशन’कडे परत आलो. साइटेशन मोजण्याचा पद्धतशीर उद्योग यूजीन गारफील्ड यांनी सुरू केला. त्यांची ‘सायन्स साइटेशन इंडेक्स’ १९६४ मध्ये बाजारात आली, म्हणजे पटेल यांचा निबंध आला त्याच वर्षी. तिचा मूळ हेतू निबंधातून निबंधाकडे जाण्याची वाट दाखवणे हा होता. मीही तीच वाट धरून परळहून मिलवॉकीला गेलो. पुढे या वाटेचे तराजूत रूपांतर झाले. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला: ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा साइटेशन, त्याचा इंडेक्स दहा. नोकऱ्या, बढत्या, अनुदाने यावर ठरू लागली. आपल्याकडे २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत निबंधांना गुण आले, आणि त्याबरोबर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी यूजीसीच्या यादीसाठी सुचवलेल्यांपैकी १००९ नियतकालिके तपासली. २०१८ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत. आमच्या भागातल्या एका हुशार मुलीला पीएचडीच्या वेळी अशाच एका ठिकाणी पैसे भरून निबंध छापावा लागला, हे मला माहीत आहे. तिच्या निबंधात खोटे काही नव्हते. पण तो कोणी वाचूनही पाहिला नाही, याचे तिला जास्त वाईट वाटले.

पत्रकातल्या आठही निबंधांपैकी एकही त्या उपचार करणाऱ्यांचा स्वतःचा नव्हता. यादी खरी होती, नावे खरी होती. फक्त त्या नावांच्या सावलीत कोणी दुसराच उभा होता. सनद पूर्ण होती, शेवटच्या रावीची भेटच झालेली नव्हती.

मी मामूंना हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. तीन संध्याकाळी गेल्या. मामींनी मध्येच विचारले, “म्हणजे ते सेन डॉक्टर खोटे होते?”

नाही, मामी. सेन खोटे नव्हते. त्यांना जे दिसले ते त्यांनी आपल्या नावानिशी, पद्धतीसकट, दुसऱ्याला तपासता येईल असे लिहिले. म्हणूनच पिफारे यांना ते तपासता आले, मिरहोसैनींना सुधारून पाहता आले, आणि चाळीस वर्षांनी ते चालत नाही हे कळू शकले. लोणारच्या ५२ हजार वर्षांचेही तेच. इब्न अल-नफीस यांनाही जालीनूसला खोडून काढता आले, कारण जालीनूसने लिहून ठेवले होते. चूक लिहून ठेवणारा माणूस पुढच्याचा रस्ता अडवत नाही. रस्ता अडवतो तो अर्धी यादी छापणारा.

मग मी मामूंबरोबर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तीन गोष्टी विचारल्या. हा उपचार कोणाशी तुलना करून तपासला गेला? ज्यांना तो दिल्याचे फक्त भासवले, त्यांना किती बरे वाटले? आणि विरोधात गेलेले निकाल कोणते? हे प्रश्न कोणीही विचारू शकतो, त्याला इंग्रजी लागत नाही. डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली. दोन गोळ्या बदलल्या, आणि चालायला निघण्याआधी जिभेखाली धरायची गोळी कशी वापरायची ते पुन्हा समजावले. ही गोळी घ्यायला मामू आजवर लाजत होते, हेही तेव्हाच कळले.

रान विकले नाही. यंदाही त्यात सोयाबीनच आहे. मामूंचे दुखणे गेलेले नाही. थंडीत ते जास्त जाणवते. मशिदीच्या चार पायऱ्या ते दोन वेळा थांबून चढतात. मामेभाऊ माझ्यावर थोडा नाराज आहे. आपण अब्बांसाठी काहीच केले नाही असे त्याला वाटते, आणि त्याचे ते वाटणे मी कुठल्याही निबंधाने खोडून काढू शकत नाही.

पत्रक माझ्या फायलीत आहे. यादीच्या खाली, रिकाम्या जागेत, मी पेन्सिलने उरलेली नावे लिहून ठेवली आहेत: पिफारे १९६९, लॅन्सेट १९९९, २००५ ची चाचणी. त्याच गावात तेच पत्रक दुसऱ्या कोणाच्या हाती आले आणि तो विचारत आला, तर ते तसेच दाखवता येईल.